चार गाई, एक सुई

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गिरगावापासून लालबागपर्यंत अर्ध्या लोकांनी मला बत्तीस वर्षं 'तावडे डॉक्टर' म्हणून हाक मारली आणि मी ती मुकाट ऐकून घेतली. सुरुवातीला दुरुस्ती करायचो, 'अहो, डॉक्टर आत बसलेत, मी पर्यवेक्षक.' मग कंटाळलो. खरं सांगायचं तर गोड लागायला लागलं. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत माझ्या वडलांना जन्मभर 'ए तावड्या' ऐकावं लागलं, त्याच चाळीचा जिना चढताना 'काय डॉक्टर!' ऐकू आलं तर कुणाला नको वाटेल?

पशुधन पर्यवेक्षक म्हणजे काय, तर डॉक्टरांनी सांगायचं आणि आम्ही करायचं. गाय धरायची, शेपूट वर करून थर्मामीटर लावायचा, जखमा धुवायच्या, लस टोचायची, रजिस्टर भरायचं. लाथा आमच्या, सही त्यांची.

'मुंबईत कसल्या आल्यात गाई?' असं विचारणारे मला रोज भेटतात. आणि तेच लोक सकाळी देवळाबाहेर गाईला घास घालून ऑफिसला जातात! देवळाच्या दारात गाय उभी असते, शेजारी तिची मालकीण बसलेली असते, पुढे हिरव्या गवताच्या पेंढ्या. माणूस पेंढी घेतो, गाईच्या तोंडाशी धरतो, पाठीवरून हात फिरवून तोच हात डोळ्यांना लावतो आणि चालू पडतो. गाय दोन घास खाते. बिचारी खाऊन खाऊन किती खाणार? माणूस कोपऱ्यावर वळला की बाई उरलेली पेंढी उचलते, झटकते आणि पुन्हा ढिगावर ठेवते. एका पेंढीत चार जणांचं पुण्य होतं. मला पूर्वी ह्याचं हसू यायचं. लम्पीच्या वर्षी हसू गेलं, कारण ती चघळलेली पेंढी संध्याकाळी गोठ्यात जाते आणि दुसऱ्याच गाईपुढे पडते.

लम्पी हा गाईच्या कातडीचा आजार, विषाणूमुळे होणारा. आधी ताप चढतो, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहतं, लाळ गळते. मग अंगभर गाठी उठतात, सुपारीएवढ्या, कधी लिंबाएवढ्या. पाय सुजतात, खाणं सुटतं, गाठी फुटून त्यात माशा बसतात. पुष्कळ गाई बऱ्या होतात, काही होत नाहीत. माणसाला तो होत नाही. चावणाऱ्या माशा, डास आणि गोचिडी आजारी गाईचं रक्त पिऊन शेजारणीला चावल्या की पसरतो. लाळेने पसरतो, एकाच हौदातल्या पाण्याने पसरतो. आणि सुईने पसरतो. सगळ्यात वाईट म्हणजे विषाणू आत शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत आठवडा, दोन आठवडे, कधी महिनाही जातो. तेवढे दिवस गाय तुमच्यासमोर धडधाकट उभी असते.

त्या वर्षी दवाखान्यात एकेक नमुने आले. दादरचे एक निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्रीतले, म्हणाले, "मी रोज गाईची शेपटी डोळ्यांना लावतो. मला होईल का?" मी म्हटलं, नाही होणार. "लेखी देता?" गिरगावातल्या एक बाई किटलीभर दूध घेऊन आल्या, ह्यात गाठी आहेत का बघा म्हणून. दूध नासलं होतं, दुसरं काही नाही. एका देवळाचे विश्वस्त तर भांडायलाच आले. गाई बाहेर काढायला बंदी होती ना, भक्तांनी घास कुठे घालायचा? "गाय गाभाऱ्याशेजारी बांधतो. आत रोग येत नसतो." मी विचारलं, "माशांना चपला काढून आत यायला सांगणार का?" ते माझी तक्रार करायला गेले.

असा मी. तोंडाचा तिखट, जिथे काही बिघडत नव्हतं तिथे. जिथे बोलायला पाहिजे होतं तिथे काय केलं, ते आता सांगतो.

भायखळ्याला एका बंद गोदामामागे पत्र्याचा लांबट गोठा होता. दहा गाई, दहा बाया. प्रत्येकीचा आपला खुंटा, प्रत्येकीचं देऊळ ठरलेलं. पहाटे गाई रांगेने चालत आपापल्या देवळाला जायच्या, अंधार पडायच्या आत परत. गोठ्याचा कारभार रखमाबाईंकडे. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांच्या शेजारचा खुंटा ताराबाईंचा. ताराबाई पन्नाशीच्या, काटकुळ्या, विधवा. 'चांदी' नावाच्या एका गाईवर दोन मुलींची लग्नं केलेली बाई. त्या साली चांदीच्या पायाशी वासरूही होतं.

दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी आमच्या डॉक्टर मॅडमनी मला त्या गोठ्यात लस टोचायला पाठवलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. लशीची बाटली बर्फाच्या डब्यात ठेवताना म्हणाल्या, "तावडेकाका, प्रत्येक गाईला नवी सुई. दहा दिल्यात. विसरू नका हं."

"हो मॅडम," म्हटलं. मनात म्हटलं, तू शाळेत होतीस तेव्हापासून टोचतोय मी.

ऑक्टोबरचं ऊन, पत्र्याखाली भट्टी. लस एकदा पाण्यात मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, आणि पुढे आणखी दोन गोठे होते. डासांसाठी बायांनी शेणी पेटवून धूर केलेला. सुई बदलायची म्हणजे जुनी काढा, डब्यात टाका, नवीचं पाकीट फोडा, बसवा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तेवढ्यात गाय मान झटकते, धरणारीचा हात सुटतो. लाळ्या-खुरकुताच्या लशी आम्ही अख्ख्या वाडीला एका सुईने टोचलेल्या. मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवायचा की पुढची गाय. हाताला तीच सवय.

पहिली गाय रखमाबाईंची. आठवड्यापूर्वीच बाहेरच्या बाजारातून आणलेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचारलं, हे काय?

"धूर लागलाय, डॉक्टर," रखमाबाई म्हणाल्या. "तुमचं पन डोळं बघा की."

माझेही डोळे झोंबत होते. थर्मामीटर खिशात होता. तो खिशातच राहिला. ताप असलेल्या गाईला लस टोचायची नसते, हे मी शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलेलं. मी मानेची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. मग बोळा फिरवला आणि चांदीला टोचलं. मग तिसरी, मग चौथी. पाचव्या गाईने अशी उसळी मारली की सुई वाकली. म्हणून नवी लावली आणि तिने उरलेल्या सहाही उरकल्या. दहा गाईंना दोन सुया. बाकीच्या आठ कोऱ्या सुया मी परतीच्या वाटेवर पाकिटातून काढून वापरलेल्यांच्या डब्यात टाकल्या, आणि रजिस्टरात लिहिलं, सुया दहा. हे करताना हात कापले वगैरे काही नाही. चहा पिताना केलं.

वसुबारसेला ताराबाईंनी बंदी मोडली. त्यांच्या देवळासमोरच्या इमारतीतल्या बायका दर वर्षी चांदीचीच पूजा करायच्या, सवत्स धेनू म्हणून. त्यांनी फार गळ घातली. ताराबाई पहाटे गाय-वासरू घेऊन गेल्या आणि दोन तासांत परत आणली. दोन दिवसांनी, ऐन दिवाळीत, चांदीला ताप भरला आणि अंगावर गाठी उठल्या. त्याच दिवसांत तिसऱ्या आणि चौथ्या गाईलाही. रखमाबाईंच्या गाईच्या अंगाला हळद आणि कडुलिंबाचा जाड लेप होता, 'हिला पन कालपासनंच' म्हणून.

मॅडम धावत आल्या. सगळं बघून मला बाजूला घेतलं. "काका, सुई बदलली होती ना प्रत्येकीला?"

आता कळतं की माझी उभी नोकरी त्या एका प्रश्नावर येऊन थांबली होती. तेव्हा इतकंच वाटलं की ही पोर माझ्याकडे संशयाने बघते आहे. निवृत्तीला वर्ष उरलेलं. मी म्हणालो, "म्हणजे काय मॅडम! डबा बघा, रजिस्टर बघा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग बायांकडे वळून विचारलं, "कुणाची गाय बाहेर गेली होती?" नऊ बोटं ताराबाईंकडे वळली.

"एकदाच न्हेली, बाई. वसुबारसेला. दोन तास."

"एकदा म्हणता, म्हणजे चारदा नेली असेल," मॅडम चिडून म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती. सुई बाद झाल्यावर त्यांच्याकडे दुसरं कारणच उरलं नव्हतं.

मला मात्र ठाऊक होतं. दोन दिवसांत लम्पी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मलमपट्टीसाठी रखमाबाईंच्या गाईचा लेप धुतला तर खाली गाठी सुकून खपल्या धरलेल्या, चांगल्या दहा-बारा दिवसांच्या. मी रजिस्टर उघडलं. एक, दोन, तीन, चार आजारी. पाच ते दहा ठणठणीत. माश्या चावत सुटल्या तर त्या कुठे थांबतील ते सांगता येत नाही. ह्या रोगाने माझ्या रजिस्टरची ओळ पाळली होती, आणि सुई वाकली तिथे तो थांबला होता.

मी स्वतःला काय काय समजावलं! चारही गाई शेजारी बांधलेल्या, माशीनेही झालं असेल. आणि त्या दिवसांत 'लशीनेच गाई मरतात' अशी अफवा होती, गोठ्यागोठ्यांत जाऊन मी ती खोडत फिरत होतो. मी तोंड उघडलं असतं तर उद्या कुणी लशीला गाय धरू दिली असती का? हे कारण खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं कामाला आलं.

दोन दिवसांनी गेलो तर ताराबाईंचा खुंटा उपटलेला. गोठ्यातून खुंटा उपटला की बाई बाहेर, पुन्हा त्यावर बोलणं नाही. वासरू गावी भावाकडे धाडलेलं. चांदी बाहेर, गोदामाच्या भिंतीला, प्लास्टिकच्या कागदाखाली. तिच्या घशात गाठी झाल्या होत्या. ताराबाई पातळ पेज करून बाटलीने तिच्या गालात सोडायच्या आणि अर्धी बाहेर यायची. मी इंजेक्शनं दिली, जखमा धुतल्या, रोज गेलो. सुट्टीच्या दिवशीही गेलो. लोक म्हणाले, काय माणूस आहे!

एक दिवस पेज पाजता पाजता ताराबाईंनी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. माज्यामुळं झालं का वो हे?"

मी म्हणालो, "आता बोलून काय उपयोग, ताराबाई."

आठव्या दिवशी चांदी गेली. न्यायला गाडी आली तेव्हा ताराबाईंनी विचारलं, कुंकू लावलं तर चालेल का? गाठी नव्हत्या अशी बोटभर जागा त्यांना कपाळावर सापडेना. शेवटी शिंगांना लावलं. बाकीच्या तिन्ही गाई बऱ्या झाल्या.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं. 'लम्पीच्या काळात स्वतःची पर्वा न करता गोठ्यागोठ्यांत जाणारे तावडे.' मॅडमना बोलताना भरून आलं. मी घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली आणि त्या रात्री बायकोला सगळं सांगून टाकलं. आमचं मालवणी घर, तिथे गोड लावून बोलायची पद्धत नाही. ती म्हणाली, "तेव्हा तोंड खंय गेलां होतां तुमचां? माका कित्याक सांगतास? जिचां वाटोळां केलास तिका जावन सांगा."

ते ऐकूनही मी चार महिने काढले. मग एका सकाळी ताराबाईंच्या गिरगावातल्या देवळाशी गेलो. देवळाच्या दारात ताराबाईंच्या जागी रखमाबाईंची सून गाय घेऊन बसली होती. ताराबाई दहा पावलांवर, फुलवाल्याच्या फळीखाली दुर्वांच्या जुड्या बांधत होत्या. मी त्यांच्यासमोर फुटपाथवर बसलो आणि सांगितलं. सुई, डबा, रजिस्टर, सगळं. त्या जुड्या बांधत राहिल्या.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"चांदीचा कान धरून मीच हुभी व्हते न्हवं? सुई रखमाच्या गाईतनं निघाली ती सरळ माज्या गाईत गेली. डोळ्यांनी बघितलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमी डॉक्टर. मला वाटलं, आसंच आसत आसंल."

"आणि नंतर?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "नंतर बोलले की. मॅडम गेल्यावर गोठ्यात सांगितलं सगळ्यांना. रखमा म्हनली, देवासारक्या मानसावर आळ घेतीस व्हय गं? त्याच्यावरनंच खुंटा उपटला. गाय बाहीर न्हेल्याचं त्यांनी माफ केलं आसतं, डॉक्टर. त्या समद्याच न्हेत व्हत्या चोरून."

म्हणजे पेज पाजताना त्यांनी विचारलं ते उगाच नव्हतं. त्या मला वाट करून देत होत्या, आणि मी ती वाट बंद केली. आणि त्या बाहेर गेल्या त्या रोगामुळेही नाही, माझं नाव घेतल्यामुळे.

"आता काय करू?" मी विचारलं. ह्या वयात, फुटपाथवर बसून, असा प्रश्न.

"गोठ्यात या न् समद्यांम्होरं सांगा," ताराबाई सरळ म्हणाल्या. "भावानं वासरू संबाळलंय, त्याची आता कालवड झालीया. खुंटा गावला तर आनते. न्हाईतर कुटं बांदू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे भायखळ्याला गेलो. ताराबाईंना आत यायची मनाई, त्या बाहेर थांबल्या. आत बाया गवत निवडत होत्या. मला बघून एकीने लगबगीने पाट दिला, दुसरीने पदराने तो पुसला. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, जसं ताराबाईंना सांगितलं तसंच. पहिल्या गाईचे पाणावलेले डोळे सांगितले, सुई वाकली ते सांगितलं, मॅडमशी खोटं बोललो ते सांगितलं. "ताराबाईंचा काही दोष नव्हता. दोष माझा. त्यांचा खुंटा त्यांना परत द्या."

रखमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"बगा गं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "ह्याला म्हंत्यात मानूस! त्या बयेनं ह्यांच्यावर आळ घेतला, न् हे तिच्यासाटी तोच आळ आंगावर घ्यायला आल्यात."

"रखमाबाई, अहो, मी खरं सांगतोय!"

"कळतंय की वो डॉक्टर. लई मोटं मन तुमचं. तिनं रडून-भेकून धाडलं आसंल तुमाला."

"रजिस्टर आहे! एक ते चार गाई बघा, ओळीने…"

"आमाला काय वाचता येतंय? आनि खरंच तुमच्या सुईनं झालं आसतं, तर तुमी आसं सांगाया आला आसता व्हय? चोर कदी चोरी सांगाया येतो का?"

बाया हसल्या. मायेने हसल्या. मी ओरडलो, हो, ओरडलो, की तुमची नवी गाय आजारी होती, तुम्ही हळद लावून झाकलंत, मी ते धुतलं तेव्हा बघितलं. रखमाबाईंचा चेहरा क्षणभर दगड झाला. तेवढ्यात त्या कळल्या मला. त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. माझी सुई खरी ठरली तर त्यांची गाय खरी ठरणार होती. आम्हा दोघांचं खोटं एकमेकांना धरून उभं होतं, आणि मला मोठं म्हणून त्या स्वतः वाचत होत्या.

"ऊन लागलंय डॉक्टरास्नी," त्या शांतपणे म्हणाल्या. "च्या टाक गं."

एक तरुण बाई येऊन माझ्या पाया पडली. कपबशी माझ्या हातात आली. दूध जास्त, साखर जास्त, पाहुण्याला करतात तसा. नऊ जणी कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर आलो तेव्हा ताराबाई गोदामाच्या भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. आतला आरडाओरडा त्यांनी ऐकला असणार, पण शब्द पोचले नसावेत.

"काय म्हनल्या?"

"नाही म्हणतात."

"न् तुमाला?"

"मला चहा दिला."

ताराबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"प्यालात?"

"हो," मी म्हणालो.